आवाज आपला, यंत्र कुणाच्या हातात?

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महिला मंडळे, बचत गट व कार्यकर्त्या यांच्यासाठी धुळ्यात झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय असा छापला आहे : 'विज्ञान व नवे तंत्रज्ञान यांचा पडद्यावरील माध्यमांवर आणि संगीतावर होणारा परिणाम'. तो वाचून शिरपूरकडच्या एका ताईंनी मला सकाळी चहाच्या वेळीच विचारले, "बाई, यात आमचं काय काम?" मी म्हटले, तुमच्याकडे फोन आहे ना? त्या म्हणाल्या, "आहे. पण तो मुलाकडे असतो." या एका उत्तरावर तासभर बोलता येईल, आणि मी तेच करणार आहे.

जात्यापासून सुरुवात करू. जाते हेही यंत्रच. त्यावर कुणी पुरुषाने कधी हक्क सांगितला नाही, कारण त्यात फक्त कष्ट होते. पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या, खुंटा धरायचा, आणि दळणाच्या लयीवर ओवी यायची. सासरचा जाच, भावाची वाट, मेलेले लेकरू, जे दिवसा तोंडातून काढायची सोय नव्हती ते ओवीत निघायचे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. घरातले, शेतातले काम करता करता त्या आपल्या बोलीत गाणी रचायच्या. त्यांचे कवी असलेले चिरंजीव सोपानदेव आणि घरातली मंडळी यांनी ती उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी पुस्तकात आली. आपण सगळ्या त्याचा अभिमान बाळगतो, बाळगायलाच हवा. पण घरात लेखणी धरणारा मुलगा होता म्हणून ती गाणी राहिली. ज्या घरात तो नव्हता, त्या घरातल्या बहिणाबाईंचे काय झाले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मग पिठाची गिरणी आली. जाते गेले म्हणून गळा काढणारे पुष्कळ लेखक मी वाचले आहेत. त्यांच्यापैकी एकाने तरी पायलीभर ज्वारी दळली असेल असे मला वाटत नाही. गिरणीने बाईला पहाटेची झोप दिली, खांद्याचे दुखणे कमी केले, ते चांगलेच झाले. पण त्या कामाबरोबर दोघींनी समोरासमोर बसून मनातले बोलायची जागाही गेली. यंत्र येते तेव्हा ते कष्ट नेते आणि त्या कष्टात बाईने स्वतःसाठी जे काही उभे केलेले असते तेही नेते. पहिले जावे आणि दुसरे राहावे अशी सोय आपोआप होत नाही, कुणाला तरी ती मुद्दाम करावी लागते.

ती सोय पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी केली. त्यांनी व त्यांच्याबरोबरच्या गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे संगीताचा संगणकावर अभ्यास करणारे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि हजारो ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. त्या जरूर ऐका, पण ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. ओवीखाली गाणारणीचे नाव आहे, गाव आहे, पुष्कळ ठिकाणी तिचे वय, जात, कामधंदा, तिची मुलेबाळे यांचीही नोंद आहे. 'लोकगीत, पारंपरिक' एवढे लिहून तिला गर्दीत ढकललेले नाही. टेपरेकॉर्डर तोच आणि संगणकही तोच, पण बाईला नावानिशी उभे करायचे असे आधी ठरलेले होते.

आता आपल्याकडचे चित्र पाहा. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर बसून गाणी म्हणतात. श्रावणात कानबाईच्या जागरणाला रात्रभर गाणी होतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गुलाबाईची गाणी म्हणतात, कुणाकडे तिला भुलाबाई म्हणतात. हे सगळे आता फोनवर आहे. २०१६ साली स्वस्त इंटरनेट आले आणि अहिराणीला अचानक मोठा श्रोता मिळाला. 'हाई झुमकावाली पोर', 'बबल्या इकस केसावर फुगे' ही गाणी पुण्या-मुंबईच्या लग्नांतसुद्धा वाजली. अहिराणी बोलली की शाळेत हसणारी माणसे त्या गाण्यांवर नाचली. मला त्याचा आनंदच आहे. आपल्या बोलीची लाज वाटू नये म्हणून आपण भाषणे देऊन जे साधले नाही ते या गाण्यांनी दोन-तीन मिनिटांत साधले.

पण गाण्यातली पोर काय करते? ती झुमके घालते, ठुमकते, रुसते. तिच्याबद्दल गायले जाते. आखाजीच्या गाण्यात हीच पोर स्वतः गात होती. सासूला, नवऱ्याला, लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाला चार शब्द सुनावत होती. बोली तीच राहिली, पण 'मी' म्हणणारी बदलली. शिवाय आखाजीची, हळदीची जुनी चाल उचलून तिच्यावर तीन-चार ओळी नव्या बसवायच्या आणि 'गीत-संगीत' म्हणून एखाद्या भाऊंचे नाव टाकायचे, हाही प्रकार आता नवा राहिलेला नाही. आमच्या कामाच्या गावात एका आजीबाईंनी नातीच्या फोनवर असे गाणे ऐकले आणि म्हणाल्या, "हाई गानं मनं शे." सगळे हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते सांगते, कारण आपल्या गटांमध्ये हे फारसे माहीत नसते. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. ज्या गाण्याचा कर्ता माहीत नाही अशा परंपरेच्या गाण्याला त्यात फारसे संरक्षण नाही. पण १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या व्यक्तीला वेगळा हक्क मिळाला. कलावंत कोण, याची कायद्यात यादी आहे : नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा, व्याख्यान देणारा, आणि शेवटी 'कला सादर करणारी इतर कोणतीही व्यक्ती'. म्हणजे गारुडी आहे, भाषण देणारी म्हणून मी आहे, आणि कानबाईपुढे गाणाऱ्या तुम्हीही आहात. तुम्ही गाताना कुणी घरगुती आठवण म्हणून फोनवर घेतले तर हरकत नाही. पण ते बाजारात आणायचे, त्यावर पैसे मिळवायचे, तर तुमची संमती लागते. २०१२ च्या दुरुस्तीने कलावंताला आपले नाव लावून घेण्याचाही हक्क दिला. कोर्टात जा असे मी कुणाला सांगत नाही. आखाजीच्या गाण्यासाठी कोण वकील लावणार? पण रेकॉर्ड करायला आलेल्या मुलाला "आधी नाव लिही, गाव लिही, आणि कुठे टाकणार ते सांग" एवढे म्हणायला वकील लागत नाही.

आता आवाजाकडे वळू. हल्लीच्या गाण्यांतला आवाज कधी गुळगुळीत, कधी यंत्रासारखा वाटतो ना? ते ऑटो-ट्यून. हे १९९७ साली ज्याने बनवले तो अमेरिकेतला अँडी हिल्डेब्रँड मूळचा तेलाच्या शोधातला माणूस. जमिनीत हादरे सोडायचे, त्यांचे परत येणारे तरंग तपासायचे आणि खाली तेल कुठे आहे ते ओळखायचे, हे त्याचे काम होते. तरंग मोजण्याचे तेच गणित त्याने गळ्याला लावले. गाणाऱ्याचा सूर थोडा घसरला की यंत्र तो जवळच्या ठरीव सुरावर नेऊन बसवते. यातून ज्याचा गळा तयार नाही त्यालाही गाता येते, आणि तेही वाईट नाही. पण आपल्या ओवीचा, कानबाईच्या गाण्याचा सूर त्या बारा खुंट्यांवर टांगलेला नसतो. तो दोन सुरांच्या मधे रेंगाळतो, हुंदक्यासारखा खाली येतो. यंत्राला ती चूक वाटते आणि ते ती पुसून टाकते. स्टुडिओतला पोरगा म्हणतो, "आजी, आता बघा कसं क्लीन झालं." साफ झाले खरे, पण आजीचा आवाज त्यात कुठे उरला?

याच्या पुढची पायरी म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. कुणाच्याही आवाजाचा लहानसा नमुना यंत्राला ऐकवला की ते त्याच आवाजात न गायलेले गाणे गाऊन दाखवते. जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातल्या गाण्यासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज असे वापरले. कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले. त्याच वर्षी अरिजित सिंग यांच्या आवाजाची विनापरवाना नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली आणि २०२५ साली आशा भोसले यांच्या बाजूनेही तसाच आदेश दिला. बाईचा गळा ही तिची मालमत्ता आहे हे न्यायालयात ठरते आहे, हे आपल्याही उपयोगाचे आहे. मात्र ज्यांचा आवाज घराघरांत ओळखला जातो त्यांच्यासाठीच आजवर हे दार उघडले आहे.

पडद्याचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाने ते केले. हे सगळ्यांना माहीत असते. सरस्वतीबाई फाळक्यांचे काम कमी जणींना माहीत असते. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवून ती धुणे, उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडणे, हे त्या करत होत्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून बाईच्या हातात होते. नावापुढे 'तंत्रज्ञ' हा शब्द मात्र लागला नाही. तो का लागला नाही हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

आपल्या शेजारच्या मालेगावचे उदाहरण घ्या. धुळ्याहून आग्रा रोडने तासाभराचे अंतर. तिथल्या शेख नासिर यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला तो २००० च्या सुमारास. क्रेन नाही म्हणून बैलगाडीचा दांडा वापरायचा, ट्रॉली नाही म्हणून सायकल. पुढे सुपरमॅनला उडवायचे होते तेव्हा ट्रकवर हिरवे कापड लावले आणि संगणकावर त्या कापडाच्या जागी आकाश घातले. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी स्वतःचा सिनेमा उभा केला. फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये यावर माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ मध्ये चित्रपटगृहांत आला. मला या मंडळींचे फार कौतुक आहे. पण त्या माहितीपटातही दिसते की गावातल्या बाया पडद्यावर येत नव्हत्या, नायिका बाहेरून आणावी लागे. फाळक्यांनंतर जवळजवळ शंभर वर्षे गेली, कॅमेरा खिशात मावू लागला, गरिबालाही परवडू लागला, आणि तरी बाईची अडचण तिथेच. म्हणून 'तंत्रज्ञान स्वस्त झाले की ते सगळ्यांचे होते' या वाक्यावर माझा विश्वास नाही. ते आधी घरातल्या मुलाचे होते.

मग बायांच्या हातात कॅमेरा आला तर काय होते? तेलंगणात पस्तापूर नावाचे गाव आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघातल्या दलित, शेतमजूर बाया, बहुतेकींना अक्षरओळख नाही, व्हिडिओ चित्रण शिकल्या. २००८ पासून त्यांचे स्वतःचे संघम रेडिओ केंद्रही सुरू झाले. कॅमेऱ्याच्या कोनांची इंग्रजी नावे त्यांना परकी वाटली, म्हणून त्यांनी आपली नावे दिली. वरून खाली बघणारा कॅमेरा म्हणजे 'पटेल शॉट', जमीनदार आपल्याकडे बघतो तसा. खालून वर बघणारा तो 'गुलाम शॉट'. आणि डोळ्यासमोर डोळा ठेवून घेतलेला तो 'संघम शॉट', कारण संघात सगळ्या एका पातळीवर बसतात. कितीतरी पुस्तके वाचून मला जे कळले नव्हते ते या तीन शब्दांत कळले. आज घरी गेल्यावर कुठलीही रील उघडा आणि विचारा, हा कॅमेरा बाईकडे कुठून बघतोय?

आता जो भाग बोलायला जड जातो, त्याकडे येते. जळगावात हे बोलताना अजूनही आवाज आपोआप खाली जातो. १९९४ साली तिथे उघडकीला आलेल्या प्रकरणात मुलींना, बायांना फसवून, जबरदस्ती करून त्यांची छायाचित्रे, चित्रफिती काढल्या गेल्या आणि त्यांच्या धाकावर पुन्हा पुन्हा अत्याचार झाले. राज्यभरच्या स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या. तरीही नाव बाहेर येईल या धास्तीने कितीतरी जणी पुढे आल्याच नाहीत. त्या काळी धमकी द्यायला कॅमेरा लागत होता, खोली लागत होती, ती मुलगी तिथे असावी लागत होती. आज यातले काहीच लागत नाही. तिचा मैत्रिणीच्या लग्नातला एक फोटो पुरतो.

डीपफेक हे नाव २०१७ च्या अखेरीस रूढ झाले, आणि ते रूढ झाले तेच नट्यांचे चेहरे अश्लील चित्रफितींवर चिकटवण्यातून. म्हणजे पुढे कुणी या शोधाचा गैरवापर केला असे म्हणायला जागा नाही, त्याचा जाहीर वापर सुरूच तिथून झाला. यंत्राला असंख्य चेहरे दाखवतात. डोळा हलला की गाल कसा हलतो, उजेड पडला की नाक कसे दिसते, हे ते शिकते आणि मग एकीचा चेहरा दुसरीच्या अंगावर बेमालूम बसवते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदान्ना हिचा असा व्हिडिओ पसरला तेव्हा देशभर चर्चा झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटकही झाली. त्या व्हिडिओतले शरीर दुसऱ्या एका तरुणीचे होते. तिलाही कुणी विचारले नव्हते. तिच्याबद्दल मात्र फारच कमी बोलले गेले.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या मुलींमध्ये अशा तक्रारी आता येतात. एक बारावीची मुलगी आईबरोबर आली होती. फोटो खोटा आहे हे आईला पटले होते, वडिलांनाही पटले होते. तरी पहिल्याच दिवशी तिचा फोन काढून घेतला, क्लास बंद केला आणि मामाने स्थळ बघायला सुरुवात केली. फोटो बनवणारा मुलगा गल्लीत फिरत होता, त्याचा फोन त्याच्या खिशात होता. कृत्रिम बुद्धिमत्तेने तिचा फोटो बनवला. तिचे शिक्षण मात्र घरच्यांनी थांबवले. ही दुसरी शिक्षा थांबवण्यासाठी संगणक शिकावा लागत नाही. तिथे आपल्यासारख्यांनी जाऊन बसावे लागते, आणि ते काम आपल्याला येते.

जे करायचे ते लगेच करायचे असते, म्हणून सांगून ठेवते. घाबरून काही पुसू नका. धमकीचे निरोप, नंबर, तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. पोलिसांत जा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते, आणि १९३० हा दूरध्वनी क्रमांक आहे. 'हे आमच्या हद्दीत नाही' असे ठाण्यात कुणी म्हणाले तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवायला सांगा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ती तरतूद स्पष्ट आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो लागतो, आणि मग कळवणे आपल्यावरही बंधनकारक आहे. समाजमाध्यमांच्या कंपन्यांना २०२१ च्या नियमांनीच अशी चित्रे, बनावट असली तरी, तक्रार आल्यावर तातडीने काढायला बांधून घेतले आहे. तेव्हा तिथेही तक्रार करा.

आणखी एक सोय आहे. 'स्टॉप एनसीआयआय' हे संकेतस्थळ प्रौढ स्त्रियांसाठी आणि 'टेक इट डाउन' हे अठराखालच्या मुलींसाठी. आपला फोटो तिथे कुणाला पाठवायचा नसतो. आपल्याच फोनमध्ये त्या फोटोचा एक लांबलचक आकडा तयार होतो, अंगठ्याच्या ठशासारखा. फक्त तो आकडा पुढे जातो, आणि या व्यवस्थेत सामील असलेल्या कंपन्या तसाच ठसा असलेला फोटो सापडला की अडवतात. ज्या गणिताने फोटो बनतो त्याच्याच भावकीतले गणित इथे आपल्या बाजूने उभे आहे. फोटोत बदल केला तर हा ठसा चुकू शकतो, म्हणून पोलिसांतली तक्रार यामुळे टळत नाही.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे : 'मग पोरींना व्हिडिओ टाकू द्यायचे की नाही?' टाकू द्यायचे. याच धुळे जिल्ह्यातल्या एका लहान गावातले कुटुंब टिकटॉकवर नाचून देशभर माहीत झाले होते. नवऱ्याबरोबर बायकाही नाचत होत्या, तोंड लपवून नाही. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि तो श्रोता एका रात्रीत गेला. त्यामुळे कंपनीच्या अंगणाला आपले घर समजू नये, आपले जे आहे त्याची प्रत आपल्याकडे ठेवावी, हे पोरींना सांगायचे. पण नाचू नको, गाऊ नको, दिसू नको, हे सांगायला गावात पुष्कळ लोक आहेत. ते काम आपण अंगावर घेऊ नये.

जेवणानंतर आपण प्रत्यक्ष काम करणार आहोत. पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येक गटातली सर्वांत वयस्क बाई आपल्याला येणारे एक गाणे म्हणेल, आखाजीचे, कानबाईचे, दळणाचे, कुठलेही. जिने आजवर कधी रेकॉर्डिंग केलेले नाही तिनेच फोन धरायचा. डोळ्यासमोर डोळा ठेवून धरायचा. आधी गाणारीचे नाव, गाव आणि हे कुणाला ऐकवायला तिची हरकत नाही ते तिच्याच तोंडून घ्यायचे, मग गाणे. तिने 'फक्त इथेच ठेवा' म्हटले तर ते इथेच राहील. या सभागृहात चार्जिंगची बटणे दोनच आहेत, तेव्हा ज्यांच्या फोनची बॅटरी उतरली आहे त्यांनी पंगतीला बसण्याआधी फोन लावून ठेवा.